शेरगाझीने हलवलेली रक्तपेढी

आमच्या किर्गिझस्तानातल्या नारीनच्या रक्तपेढीत संगणक सांभाळणारा शेरगाझी बाइके, म्हणजे शेरगाझीदादा, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायचा, एंटर दाबायचा आणि मिशीतून फुंकर सोडायचा. माउसला तो बायकी खेळणं समजे, अर्थात बायको जवळ नसताना.

त्या दिवशी रक्तदात्यांचा डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचा होता. एका कमांडीत त्याने सगळ्याची प्रत फाइलीत उतरवली, फाइल नव्याकडे धाडली, तोच मुख्य नर्स बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, तळलेल्या बोरसोकच्या वड्यांची परात घेऊन दारात.

"घर बदलतोयस आणि आशीर्वाद नको?"

"एजे, आधी नोंदणी बंद करतो..."

"म्हातारे हात वर करून बसलेत आणि तू यंत्राशी बोलतोयस!"

गेला बिचारा चहाला. पहारेकरी केरिमकुल आताने, म्हणजे केरिमकुलबाबाने, भलामोठा आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आशीर्वाद झाल्यावर मागे फिरायचं नसतं. त्यात जुना सर्व्हर खेड्यातल्या दवाखान्यात न्यायला खुद्द त्याचा व्याही जीप घेऊन हजर! व्याह्याला ताटकळत ठेवणार कोण? शेरगाझीने धाडलेल्या फाइलीतली माहिती नव्या सर्व्हरवर चढवली आणि जुन्याची डिस्क पुसून दिली.

संध्याकाळी प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतिणीला रक्त हवं होतं, गट दुर्मिळ.

"आहे की! दुपारीच एक मेंढपाळ नाव देऊन गेलाय," नोंदणीवरची नुरीला म्हणाली. शोधलं, तर नाही. प्रत आधी निघाली होती; मेंढपाळ नंतर, चहा चालू असताना, जुन्या सर्व्हरवर लिहिला गेला होता.

शेरगाझीने विचारलं, "नाव काय त्याचं?"

"रांग होती, बाइके. कसं आठवणार?"

"मला विचारा ना," केरिमकुलबाबा म्हणाला. फाटकातून शिरणाऱ्याला सात पिढ्या विचारल्याशिवाय तो सोडतच नसे. "केल्दीबेकचा पणतू. माझ्या मावसभावाचे सोयरे ते."

फोन मावसभावाला, तिथून त्याच्या सासऱ्याला, तिथून कुरणावर. शेरगाझी मेंढपाळाची वाट बघत खिंडीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. कुणी बोलावलं तरी आत येईना.

मेंढपाळ आला, त्याने रक्त दिलं. बाळंतीण वाचली, पण फार हाल सोसून.

शेरगाझीला कुणीच रागावलं नाही. उलट बुरुलकान एजे म्हणाली, "बघ, आशीर्वाद फळला!"

त्याने मान डोलावली. त्याच्या पुढ्यातला चहा मात्र तसाच निवून गेला.