तीन नद्यांच्या गावची शेजारीण

आमच्या इमारतीत आळीपाळीने जिना झाडायचा असतो. स्टुटगार्टला लेकाकडे राहायला आले तेव्हा मला जर्मन येत नव्हतं, आणि बोलायची लाजही फार. खालच्या मजल्यावरची क्रोएशियाची बाई आपली पाळी नसतानाही माझ्याजवळ पायरीवर येऊन बसायची. तरुणपणी ती इथल्या कारखान्यात कामाला आली आणि राहून गेली. ती सावकाश बोले, म्हणून तिचं जर्मन मला हळूहळू कळायला लागलं.

बोलायची ती सगळं तिच्या गावाबद्दल, सिसाकबद्दल. तिथे तीन नद्या एकमेकींना मिळतात. संगमावर विटांचा तीन कोनांचा किल्ला आहे आणि प्रत्येक कोनावर एक गोल बुरूज. तुर्कांची फौज तिथूनच मागे फिरली म्हणे. त्याच्याही कितीतरी आधी तिथे रोमन लोकांचं मोठं शहर होतं. परसात बटाटे लावायला खणलं तरी खापरं वर येतात. नदीवर जुना कमानींचा पूल, आणि काठाला कोठारं, कारण पूर्वी धान्य होड्यांतून यायचं. ती बोलत राहायची आणि जिन्याच्या खिडकीतून येणारं ऊन पाण्यासारखं हलायचं. मला आमचा घाट दिसायचा, धुणं धुणाऱ्या बायका दिसायच्या आणि त्यांच्या मागे तो विटांचा किल्ला. तिचं गाव कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, आणि कळावंसंही वाटायचं नाही.

तीन नद्यांचा संगम म्हटल्यावर मी तर हातच जोडले होते. विचारलं, "देऊळ कुठल्या काठाला?"

"देऊळ कसलं? तिथे लोक मासे धरतात आणि बिअर पितात."

"मग पर्वणीची अंघोळ कधी असते?"

"उकडलं की!" म्हणाली, आणि हसत सुटली.

काही वर्षांपूर्वीच्या भूकंपात तिच्या तिथल्या घराला तडे गेले होते. यंदा भावाचा निरोप आला, दुरुस्ती झाली, बघून जा. घर राहण्याजोगं असलं तर ती कायमची तिकडे जाणार होती. ती बसने गेली त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले. काय मागावं ते सुचेना. इथे माझ्याशी बोलणारी ती एकटीच. पण तिच्या भिंती पडक्या राहू देत, असं कसं मागायचं? नुसता दिवा लावून उठले.

ती परत आली तेव्हा मी आणि लेक बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढत होतो.

"द्रागा," ती म्हणाली. त्यांच्यात लाडक्या माणसाला असं म्हणतात. "भिंती पक्क्या आहेत. खिडकीतून नदी दिसते. मी जाणार."

"चांगलं झालं," मी म्हटलं.

ती लेकाकडे वळली. "उन्हाळ्यात हिला माझ्याकडे पाठव."

"आई?" तो हसला. "ती एकटी कोपऱ्यावरच्या बेकरीतसुद्धा जात नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मी पिशवी खाली ठेवली आणि जर्मनमध्येच म्हटलं, "मी येईन." जिन्यात आवाज केवढा घुमला!

लेकाने माझी पिशवी उचलली. म्हणाला, "बसमध्ये खिडकीजवळची सीट घेऊ ना?"

"घे," मी म्हटलं.