चेउ ओनीची कंबर

जावा बेटावरच्या आमच्या कारावांगकडे नाचणारीला वय झालं की ती ढोलाशेजारी बसून गाते. अठ्ठावन्नाव्या वर्षी चेउ ओनीही तेच करत होती आणि तिने शिकवलेल्या चार पोरी नाचत होत्या. चेउ म्हणजे थोरली बहीण. अख्खं गाव तिला तसंच हाक मारतं. मी शेजारी बसून गजाने रबाब वाजवतो, त्यामुळे तिच्या शिव्या सगळ्यांत जास्त माझ्याच वाट्याला आल्या आहेत.

ती सतरा वर्षांची असताना जैपोंग हे कंबर हलवत नाचणं नवंनवं निघालं होतं. तेव्हा जुन्या नाचातली तिची मावशी कडाडली होती, "नाचाचा सत्यानाश केलात कार्ट्यांनो!" चेउ नाचतच राहिली. चाळीस वर्षांनी तेच जैपोंग 'आपली परंपरा' झालं. एकदा परंपरा झालं, की लोक आधी हार घालतात आणि मग कात्री घेऊन येतात. आमच्याकडे दुदुंगसाहेब आले. सुगीच्या जत्रेचा मंच त्यांच्या ताब्यात होता.

सकाळी आम्ही केळीच्या पानातला भात खात होतो. साहेब म्हणाले, "चेउ, परंपरा जपा, जरूर जपा. फक्त पोरींची कंबर हलता कामा नये. मोठी माणसं येणारेत."

"मग पोरींऐवजी खांब उभे करा की, साहेब!"

"थट्टा नको. हलली, तर पुढच्या वर्षीपासून मंच कीबोर्डवाल्यांना."

त्या मंचावर चेउचा जन्म गेला होता. केळीचं पान दुमडत ती म्हणाली, "बरं. पोरींची नाही हलणार."

आमच्यात ढोल कंबरेकडे बघून वाजतो. कंबर झटकली की थाप, वळली की ढोलवाल्याने कातड्यावर पायाची टाच दाबून काढलेला घुमारा. दुपारी जत्रेत मंचावर पोरींनी हात फिरवले, माना वळवल्या. कंबर मात्र ताठ. आमचे ढोलवाले आबा दारसा सत्तरीचे नि महाहट्टी. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"आबा, वाजवा ना!" चेउ खेकसली.

"कशावर वाजवू? थाप पडायला जागा कुठाय?"

नुसता माझा रबाब रडत राहिला. तेवढ्यात गर्दीतून एक मासेवाली तोंडाने ओरडली, "ब्लांग!" दुसरीकडून आलं, "पाक!" आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ढोलाचे बोल तोंडपाठ असतात. बघता बघता सगळं मैदान तोंडाने ढोल वाजवू लागलं. पोरी रडकुंडीला आल्या.

चेउ गुडघा धरून उठली. तिने खांद्यावरचा शेला कमरेला आवळला.

पहिल्या रांगेतून साहेब ओरडले, "चेउ, खाली बसा! काय ठरलं होतं?"

"पोरींचं ठरलं होतं. माझं कुणी विचारलं?" माईक तिच्या हातातच होता. "मंच तुमचा, साहेब. कंबर माझी!"

आबांची थाप पडली. अठ्ठावन्न वर्षांची ती कंबर अशी फिरली, की माझा गज चुकला. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मंच गेला. पुढच्या सुगीला तिथे कीबोर्ड वाजला, आणि आम्ही चेउच्या खळ्यात चटया अंथरल्या. पोरी आल्या, मासेवाली आली, बसायला जागा उरली नाही. मी चेउसाठी नेहमीसारखी ढोलाशेजारी उशी मांडली. तिने ती पायाने बाजूला सारली.

"गायला दुसरी शोध," ती म्हणाली. "मी अजून म्हातारी झाले नाही."