थांब म्हणायचा हक्क

प्रल्हादची तिरडी मी रस्त्यात थांबवली. मुद्दाम नाही, माझी चप्पल तुटली. राजपुऱ्यातल्या त्याच्या घरून निघून पहिलं वळण घेतलं, तेवढ्यात डाव्या चपलेचा अंगठा निसटला आणि हे पोट सांभाळत तोल सावरायला मी दोन्ही हात आडवे पसरले. तिरडीच्या चार पावलं पुढे होतो. मागे खांदा देणारे चौघे जागच्या जागी थांबले. नुसते थांबले नाहीत... खिळले. चौघेही प्रल्हादच्या जुन्या साइटवरचे, क्रेनखाली उमर गेलेले. त्यांच्या कामात दोन्ही हात आडवे म्हणजे थांब, आहे तिथेच थांब. मागची माणसं एकमेकांवर आदळली. मी चप्पल हातात घेऊन म्हटलं, "चला ना." कोणी हलेना. त्यांना चल म्हणणारा माणूस त्यांच्याच खांद्यावर होता.

प्रल्हाद माझा मेहुणा, मंदाचा धाकटा भाऊ. शहराबाहेर नव्या कॉलन्यांच्या इमारती उठतायत, तिथे तो रिगर होता. सळयांच्या जुड्या, सेंटरिंगच्या प्लेटा, पाण्याच्या टाक्या पट्ट्यांत बांधायच्या, क्रेनच्या हुकाला अडकवायच्या आणि मग खाली उभं राहून ऑपरेटरला हातांनी सांगायचं, उचल, डावीकडे घे, हळू, सोड. मी शाळेत हेडक्लार्क. हिंदीत अर्ज लिहायचा असला की अर्धा मोहल्ला माझ्याकडे येतो. प्रल्हादचे हात आणि माझं अक्षर, आमच्या खानदानात पाहण्यासारखं एवढंच आहे, असं मीच सांगत फिरायचो.

एकदा आमरसाच्या जेवणाला आला होता. पोट भरलं तसं त्यानं ताटावर दोन्ही हात पसरले. मंदाचा डाव हवेतच थांबला. मी मात्र यजमान! आग्रहाच्या भरात वाटीभर रस त्याच्या मनगटावर ओतला. हात चाटत तो म्हणाला, "दाजी, क्रेन असती ना, तर आज कोनाचा तरी पाय गेला असता." मग त्यानं नियम सांगितला. "उचल म्हनायचा हक एकाचाच. पन थांब कोनीबी म्हनू शकतो. चाय आननारी बाई म्हनली तरी क्रेन थांबली पाह्यजे." मी म्हटलं, आमच्या ऑफिसात उलटं आहे बाबा, थांब म्हणायचा हक्क एकट्या साहेबाचा आणि उचलायचं सगळ्यांनी. खूप हसलो आम्ही. मंदाही हसली होती.

पुढच्याच वैशाखात ते झालं. वारा सुटला होता आणि प्लेटांचा गठ्ठा वर जाता जाता गरगर फिरायला लागला. प्रल्हादनं दोन्ही हात पसरले. सुपरवायझर ऑपरेटरच्या कानाशी ओरडला, "अरे चलने दे, शाम को स्लॅब भरना है." पट्टा सरकला, प्लेटा खाली आल्या, आणि एका गवंड्याचा पाय गेला.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला, सिग्नल चुकला असं लिहून दे, आठ दिवसांत परत कामावर घेतो. प्रल्हाद तडक माझ्याकडे आला.

"दाजी, मी तर थांब म्हनलो होतो. चार जनांनी पाह्यलं."

"पाहिलं ना? मग बोलले का?"

"...नाही."

"तेच तर! त्यांनाही पोरंबाळं आहेत. अरे, एक कागद तो. कागदानं काय होतं?"

आयुष्यभर कागदांवर जगलेला माणूस हे म्हणत होता. लिहायला बसलो, आणि बसलो की मला सुचतंच. 'प्रार्थी से संकेत देने में भूल हुई, जिसका उसे हार्दिक खेद है.' त्यातला 'हार्दिक' खास माझा. मला तो फार आवडला होता. मंदा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला चढ्या आवाजात वाचूनही दाखवला. ती कप ठेवून आत गेली. प्रल्हादनं विचारलं, "'भूल'च्या जागी दुसरं काही नाही का बसनार?" मी म्हटलं, ऑफिसी भाषेत हाच शब्द चालतो. सही करण्याआधी तो दोन्ही हात कागदाच्या दोन बाजूंना पसरून जरा वेळ तसाच बसला. मला वाटलं, पंख्यानं कागद उडू नये म्हणून.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. बोलावणं आलं नाही. तो दुसऱ्या साइटवर गेला, तिसऱ्या साइटवर गेला... जिथे गेला तिथे माझं अक्षर आधीच पोचलेलं. झेरॉक्स काय, कुठेही जाते. त्या गवंड्याची बायको दारात येऊन नको नको ते बोलून गेली. हा मान खाली घालून ऐकत राहिला. कोणत्या तोंडानं सांगणार? सही त्याची होती. शेवटी जसोंडीला केळीचे ट्रक भरायला जाऊ लागला.

या हिवाळ्यात आमच्या गच्चीवर नवी टाकी चढवायची होती. दोन मजूर दोरानं ओढत होते, प्रल्हाद सहज आलेला, खाली उभा. मी मोठ्या उत्साहानं ओरडलो, "प्रल्हाद, सिग्नल दे रे!" त्यानं खिशातले साइटवरचे नारिंगी हातमोजे काढले, पाहिले आणि आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवले. "राहू द्या दाजी. या हातांचं आता कोन ऐकतं?" हातमोजे न घेताच गेला. त्यानंतर थेट जसोंडीहून फोन. ट्रकला टेकून पाणी प्यायला बसला, तो उठलाच नाही.

तेरावं आटोपून आम्ही घरी परतल्यावर मंदा दारामागे झाडत होती. हातमोज्यांपाशी आल्यावर तिचा झाडू थांबला. घरातली शांतता मला सोसत नाही, काहीतरी बोलायला हवं म्हणून चपलेचा किस्सा मी तिला सांगितला. बायका घाटावर आल्या नव्हत्या, तिला ठाऊक नव्हतं. चौघे कसे खिळले, मी कसा बावळटासारखा चप्पल घेऊन उभा... वाटलं, हसेल.

तिनं हातमोज्यांवरची धूळ पदरानं पुसली आणि ते होते तिथेच राहू दिले. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चपलेसाठी थांबवलंत त्याला. कागदासाठी नाही थांबवलं."