स्क्रीनवर बंद, वायरमध्ये चालू

मंडळी, आज ऑफिसला दांडी मारून इथे चेन्नईत, गिंडीच्या एका ट्रेड स्कूलमध्ये गेले होते. इलेक्ट्रोमेकॅनिकलचा सर्टिफिकेट कोर्स करावा का, ते बघायला.

तिथल्या तमिळ सरांनी मोटरचं पॅनल उघडून दाखवलं. त्याच्या स्क्रीनवर 'बंद' दिसत होतं, म्हणून मी सरळ वायरकडे हात नेला. त्यांनी तो झटकला.

"स्क्रीनचं काय ऐकता, मा? आधी टेस्टर लावा."

लावला, तर टेस्टरचा दिवा पेटला. वायरमध्ये वीज होती.

नऊ वर्षं शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासतेय. स्क्रीन ठीक म्हणाली की मी पुढे जाते.

संध्याकाळपासून प्रवेशाचा फॉर्म समोर घेऊन बसलेय. नवरा विचारतोय, आवडलं का? भीती अजून गेलेली नाही, तरी उद्या परत तिथेच जावंसं वाटतंय.

याला होकार समजायचा का?