समोरच्या वकिलांनी दार उघडलं

शुक्रवार पेठेत आमच्या समोर एक वकील राहत. विधवा बहिणीचं लग्न लावलं म्हणून ते वाळीत पडले, पण आवाज कधी चढला नाही. "सुधारणा कायद्यानंच, सावकाश," हे त्यांचं पालुपद.

गिरणीच्या संपात लाल बावट्याचा एक कामगार रक्तबंबाळ होऊन त्यांच्या घरात शिरला. वकिलांनी स्वतः त्याची जखम धुतली. मीही समोरून धावत गेलो होतो; तांब्या मी धरला होता. पाठोपाठ पोलीस आले. वकिलांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आत आहे."



"तुमच्या भरवशावर आलो की वो, सायेब!" कामगार ओरडला.

"कोर्टात मीच तुझ्या बाजूनं उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच उभे राहिले. कामगाराला दोन शिपायांनी उचलून आणलं. एका रात्रीच्या कोठडीनंतर त्याला उभं राहता येत नव्हतं.