दुसऱ्याचा आरसा

सीमेवर तणाव वाढला त्या उन्हाळ्यात आमची तुकडी नेमकी नागपुरात तैनात झाली आणि माझी पंचाईत झाली. गाव पारशिवनीकडचं, बायको-मुलं तिथेच. अंतर तासाभराचं, पण तळाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. संध्याकाळी दहा मिनिटं फोन मिळे. बायको रोज तेच विचारी, "इतक्या जवळ आहे न तुमी, मंग काहून येऊन नाही राहिले?" जेवण झालं का, असं विचारून मी विषय बदलत असे.

मी विमानाचा मेकॅनिक. मालवाहू विमानं औषधं आणि सुटे भाग घेऊन सीमेकडे जात. परत आली की पुढच्या उड्डाणापर्यंत ती आमच्या ताब्यात. पत्रा असा तापे की पापड भाजून निघावा. उन्हात जाताना खिशात कांदा ठेव, ही आईची आज्ञा. विमानाजवळ खिसे रिकामे ठेवा, ही साहेबांची. मी साहेबांचं ऐकलं आणि दोनदा ऊन लागून आडवा झालो.

खिसे रिकामे ठेवायचं कारण साधं आहे. विमानात विसरलेली बारीकशी वस्तूही शेपटीकडे जाणाऱ्या तारांत अडकली तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून आमच्या हत्यारांच्या, म्हणजे पाने-पक्कडींच्या, डब्यात प्रत्येक हत्याराला स्पंजात कोरलेली त्याची स्वतःची जागा असते आणि हत्यारावर डब्याचा नंबर. काम संपलं की दोघांनी मोठ्याने मोजायचं, मग सही, मगच उड्डाण. या मोजणीत मी कुणाची गय करत नसे. आकडा पुटपुटणाऱ्याला अख्खा डबा पुन्हा मोजायला लावायचो. पाठीमागे मला हेडमास्तर म्हणत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या दिवशी सकाळीच मोजणी झाली. सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या, मी आकडे ओरडून म्हटले, जोडीदाराने ते पुन्हा म्हटले, मी सही केली. चहा ओठाला लावतो तोच शेजारच्या तुकडीतला खापरखेड्याचा मेकॅनिक आला. "आमचा आरसा तुह्या डब्यात आला काय गा?"

आरसा म्हणजे दांडीला लावलेला रुपयाएवढा गोल आरसा, अडचणीच्या जागी डोकावायला. मी डबा उघडला. आरसा जागेवर होता, पण नंबर त्यांचा. बाजूबाजूच्या टेबलांवर काम चाललं होतं. त्यांचा उचलून आमच्या जागेत बहुधा मीच बसवला होता. जागा भरलेली बघितली, नंबर वाचलाच नाही.

मग माझा आरसा कुठे होता? विमानात, शेवटचा तिथेच वापरला होता. आणि विमानाची इंजिनं सुरू झाली होती.

एक क्षण मनात आलं, गप्प बसावं. आरसा पडला असेल इथेच कुठेतरी. ही लाज मला आजही वाटते. मग मी धावलो, विमानापुढे उभा राहून थांबा म्हणून डोक्यावर हातांची फुली केली. पंखे थांबले. विमान चालवणारे कप्तान खाली उतरले, घामाने निथळत. मी सांगितलं, "हत्यार आत राहिलंय. माझं आहे. मोजणीत चूक माझी."

दोन तास विमानाच्या आतल्या तळाच्या फळ्या उघडत होतो. आरसा त्यांच्याखाली सापडला, तारांपासून चार बोटांवर.

साहेब भडकले होते आणि ते रास्तच होतं. म्हणाले, या माणसाला या विमानावरून हटवा, दुसऱ्याची सही घ्या. कप्तान तो आरसा हातात फिरवत होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि साहेबांना शांतपणे म्हणाले, "सर, सही इन्हीं की रहेगी. मैं इन्हीं की सही पर जाऊँगा."

मी पुन्हा मोजलं. एकेक हत्यार उचलून, नंबर वाचून. मगच सही केली. विमान उडालं. बायकोने गावाहून कुणाच्या तरी हाती पाठवलेला लाडवांचा डबा समोर होता, पण घास उतरेना. दिवेलागणीच्या सुमारास विमान सुखरूप उतरल्याचा निरोप आला, तेव्हा मी पहिला लाडू खाल्ला आणि खाता खाता सगळ्यांसमोर रडलो.