थळच्या वारुळात कोणी बसेना

थळच्या कमळमावशीने तीस वर्षं नाक्यावर उन्हात बसून म्हावरं विकलं. मागच्या मे महिन्यात ती पाटीशेजारीच आडवी झाली. सलाइन लागलं, आणि तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा जागेवर. सावली नसेल तर धंदा सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवरा गेल्यावर याच पाटीवर तिने मुलाला, अल्पेशला वाढवलेलं. आता तोच "घरी बस" म्हणाला की ती दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही.

अशा बाईला सावली देण्याचं काम एका संस्थेने माझ्यावर सोपवलं. तिच्या मागे आधीच कमी कटकटी होत्या की काय!

मी ऋत्विक, आर्किटेक्ट. साधी घरं बांधणं मला कमीपणाचं वाटतं. मी निसर्गाकडून शिकतो आणि संगणकाकडून आकार काढून घेतो. वाळवी पंख्याशिवाय वारूळ थंड कसं ठेवते, यावर मी दोन वर्षं घालवली. तापमान मोजायला वारुळात सोडलेली एक वायर वाळवीने खाल्ली. तेही मी प्रबंधात लिहिलं. मग संगणकाला म्हटलं, असंच माणसांसाठी काढ. त्याने नऊ हजार आकार काढले. त्यातला सगळ्यांत कुरूप मी निवडला, कारण त्यात वारा सगळ्यांत छान खेळत होता.

विठोबा गवंडी नकाशा उलटसुलट करून म्हणाला, "सायेब, यात सरळ भिंत कंची?"

"एकही नाही," मी अभिमानाने म्हणालो.

नाक्यावर मातीचुन्याचा घुमट उभा राहिला. आत बाहेरच्यापेक्षा सहा अंश थंड. मी त्याच्यासोबत स्वतःचे अकरा फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी हळदकुंकू, लाह्या आणि दुधाची वाटी. कोळणी सगळ्या बाहेर, उन्हात.

"वारूळ हाय," कमळमावशी म्हणाली. "नागोबाची जागा. तिथं म्हावरं कसं कापाचं?"

मी हवेच्या दाबावर भाषण दिलं. बायकांनी पदर डोक्यावर घेऊन ऐकलं, जणू मी पोथी वाचत होतो. आठवडा गेला तरी आत कोणी पाऊल टाकेना. शेवटी मी संस्थेला अहवाल लिहिला: 'स्थानिकांची श्रद्धा आड आली.' वाक्य मला फार आवडलं, कारण त्यात माझी चूक कुठेच नव्हती. सही घ्यायला मावशीकडे गेलो. तिने वाचून दाखवायला लावलं.

हातातला बांगडा तिने खाली ठेवला. "ते खोडून टाक. उगाच नागोबावर कशाला?"

"मग दूध कोणी ठेवलं?"

"मीच. आत बसलं तर रस्त्यावरनं पाटी दिसत न्हाय. पाटी दिसली न्हाय तर गाडी थांबत न्हाय. पयल्याच दिशी समद्यांना कळलं. पन तू येवढा खूश, तोंडावर कसं सांगाचं? देव मधी घातला, म्हंजे तुला कमीपना न्हाय."

वाळवीपाशी मी दोन वर्षं बसलो होतो. मावशीपाशी दहा मिनिटंही नाही. मला फार लाज वाटली. अहवाल खिशात कोंबून मी तिथेच, तिच्या बाजूला बसलो. अर्ध्या तासात डोकं भणभणलं. मावशीने आपली फाटकी छत्री निम्मी माझ्यावर धरली आणि समोर थांबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "आमचा इंजिनेर हाय. शिकतोय अजून."